वाढीव मावेजावरील व्याज आणि आयकरातील वजावट : एक चिकित्सा

प्रस्तावना :
नांदेड जिल्ह्यातील विष्णुपुरी व लेंडी हे सिंचन प्रकल्प, तसेच 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यात झालेले गावांचे पुनर्वसन यांसाठी जमिनी संपादित झाल्या. 1894 च्या भूसंपादन अधिनियमाच्या कलम 18 अन्वये अपुऱ्या मावेजाविरुद्ध शेतकऱ्यास न्यायालयात दाद मागता येत असे. न्यायालयाने वाढविलेल्या रकमेवर कलम 28 नुसार ताब्यापासून पहिल्या वर्षी 9 टक्के व पुढे 15 टक्के व्याज देण्याची तरतूद होती. या व्याजावरील कर कितपत न्याय्य आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

कायद्याची वाटचाल :
रमाबाई खटल्यात (1990) सर्वोच्च न्यायालयाने असे व्याज वर्षागणिक विभागण्याचे तत्त्व मांडले. घनश्याम खटल्यात (2009) कलम 28 चे व्याज हा मावेजाचाच भाग ठरविण्यात आला. ग्रामीण शेतजमिनीचा मावेजा करपात्र नसल्याने हा भेद निर्णायक होता. तथापि 2009 च्याच वित्त अधिनियमाने वाढीव मावेजावरील व्याज, ते हाती येईल त्या वर्षाचे ‘इतर उत्पन्न’ ठरविले. त्यातून सरसकट 50 टक्के वजावट दिली व अन्य खर्चाची वजावट नाकारली. पुढे गुजरात उच्च न्यायालयाने 2016 मध्ये कलम 28 चे व्याज करमुक्त मावेजाचाच भाग मानले. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने मात्र ते करपात्र ठरविले.

चिकित्सा :
वाढीव मावेजा 1,00,000 रुपये आणि विलंब 10 वर्षांचा मानल्यास सरळव्याज 1,44,000 रुपये, म्हणजे मुद्दलाहून अधिक होते. त्यातील 72,000 रुपये एकाच वर्षी करपात्र ठरतात. वकिलाचे शुल्क व खेटे घालण्याचा खर्च कितीही झाला तरी वजावट तेवढीच राहते. उलटपक्षी, नोकरदारास वेतनाची थकबाकी एकरकमी मिळाल्यास 1961 च्या आयकर अधिनियमाच्या कलम 89 ने सवलत दिली होती. विलंब दोघांच्याही हाती नसताना सवलत एकालाच मिळावी, हे समन्यायी नाही.

निष्कर्ष :
2013 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 96 ने त्या कायद्याखालील निवाड्यांना आयकरातून सूट दिली. परंतु 1894 च्या कायद्याखालील जुन्या दाव्यांना तिचा आधार नाही. अशा दाव्यांपुरती कलम 28 चे व्याज मावेजाचाच भाग असल्याची स्पष्ट तरतूद व्हावी. किमानपक्षी व्याजाची वर्षवार विभागणी आणि दाव्याच्या प्रत्यक्ष खर्चाची वजावट मान्य व्हावी. अन्यथा शासनाच्या विलंबाची भरपाई शासनच अंशतः परत घेते, हा विरोधाभास कायम राहील.