सुवर्णमृगामागचे गाणे

२४ जानेवारी १८४८ रोजी कॅलिफोर्नियातील कोलोमा येथे, सटर यांच्या लाकूड कापण्याच्या गिरणीच्या पाटात जेम्स मार्शल यास सोन्याचे कण दिसले. पुढील सात-आठ वर्षांत सुमारे तीन लाख माणसे त्या प्रदेशात लोटली. या सुवर्णमृगाच्या पाठलागावर १९६९ साली ‘पेंट युवर वॅगन’ हा संगीतप्रधान बोलपट निघाला. लर्नर व लो या जोडीच्या १९५१ मधील संगीतिकेवर तो आधारलेला असून दिग्दर्शन जोशुआ लोगन यांचे आहे. ली मार्व्हिन व क्लिंट ईस्टवुड हे काही गायक म्हणून ख्यातनाम नव्हेत. तरी आपली गाणी त्यांनी स्वतःच म्हटली आहेत. मार्व्हिन यांच्या खरखरीत आवाजात भटक्या जिवाचा शिणवटा असा उतरला आहे, की कमावलेला गळा तेथे फिका पडावा.

कथेचे मर्म अखेरीस आहे. गावातील लाकडी जमिनींच्या फटींतून खाली गळणारी सोन्याची धूळ वेचण्यासाठी बेन रम्सन व त्याचे सोबती भुयारे खणतात आणि शेवटी गावच त्यांत कोसळते. लोभाने आपल्याच पायाखालची भूमी पोखरावी, हे रूपक ज्यांना सुचले त्यांना श्रेय दिलेच पाहिजे.

परंतु आमची तक्रार येथूनच सुरू होते. पडद्यावर बुडते ते पापी गाव; प्रेक्षक हसतो आणि हिशेब मिटला असे मानतो. इतिहासात मात्र भूमी पोखरली एकाने, गाडला गेला दुसराच. १८५३ पासून पाण्याच्या झोतांनी डोंगर फोडले जाऊ लागले. तो गाळ नद्यांतून उतरून खालची शेते बुडाली, आणि १८८४ साली न्यायालयास हा प्रकार थांबवावा लागला. परदेशी खाणकऱ्यांवर १८५० साली दरमहा २० डॉलरांचा कर बसला. मूळ रहिवासी १८४८ च्या सुमारास दीड लाख होते; रोगराई, उपासमार व कत्तली यांनी १८७० पर्यंत ते सुमारे तीस हजारांवर आले. त्यांचे दुःख या कथेला शिवतही नाही.

गीताने दुःख हलके करावे, हे खरे. पण येथे ते केवळ पाठलाग करणाराचे दुःख आहे. सुवर्णमृगाची कथा आपण ऐकतो तेव्हा मन वनात धावणाऱ्या रामाबरोबर जाते, तसेच आश्रमात एकट्या उरलेल्या सीतेपाशीही थांबते. रसिकांनी हा बोलपट जरूर पाहावा. मात्र त्यात न दिसणारा तो आश्रम मनात धरूनच पाहावा.