‘डॉक्टर हू’चे वाढदिवस

नट बदलला तरी भूमिका टिकते, हें मराठी प्रेक्षकांस नवें नाहीं. भाऊराव कोल्हटकर १९०१ सालीं निवर्तले, १९०५ सालीं बालगंधर्व किर्लोस्कर मंडळींत आले, आणि शकुंतला रंगभूमीवर उभीच राहिली. अमरावती-अकोल्याकडील वडीलधाऱ्यांच्या बैठकींत अशा तुलना पुष्कळ रंगल्या आहेत. परंतु नटाचें बदलणें हेंच कथानकाचें अंग करण्याची युक्ति बी. बी. सी.च्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानमालिकेनें १९६६ सालीं काढली. विल्यम हार्टनेल यांची प्रकृति ढासळली, तेव्हां नायक जुना देह टाकून नवा धारण करतो असें ठरलें. अवतारकल्पनेंत वाढलेल्या आमच्या वाचकांस यांत अवघड कांहींच नाहीं.

२३ नोव्हेंबर १९६३ रोजीं सुरू झालेल्या या मालिकेची पहिली कथा वारिस हुसेन या लखनौस जन्मलेल्या तरुणानें दिग्दर्शित केली. मध्यंतरीं ती १९८९ पासून खंडित होती. २००५ त पुन्हां उभी राहिली. वाढदिवस आला कीं जुने अवतार एकत्र आणावयाचे, हा तिचा कुळाचार. दहाव्या वर्षाच्या कथेंत आजारी हार्टनेल केवळ एका पडद्यावरून बोलतात, तरी तो प्रसंग हृद्य वाटतो. १९८३ च्या ‘द फाइव्ह डॉक्टर्स’मध्यें दिवंगत हार्टनेल यांच्या जागीं रिचर्ड हर्न्डल आले. टॉम बेकर आलेच नाहींत, म्हणून अर्धवट राहिलेल्या ‘शादा’ कथेंतील दृश्यें जोडलीं. ही आहेराची यादी झाली, कथा नव्हे.

खरा विचार करावयास लावतो तो २०१३ चा ‘द डे ऑफ द डॉक्टर’. महायुद्ध थांबविण्यासाठीं आपलाच ग्रह जाळल्याचें ओझें नायक २००५ पासून वाहत होता. त्याच्या विनोदाची धार त्या ओझ्याचीच होती. सुवर्णमहोत्सवीं लेखक स्टीव्हन मॉफट यांनीं तें पाप पुसून टाकलें. ग्रह जळाला नाहींच, सर्व अवतारांनीं मिळून तो दडविला! जॉन हर्ट यांचा थकलेला योद्धा त्या निर्णयापुढें उभा राहतो, तें दृश्य अप्रतिम आहे. परंतु द्रोणवधाच्या वेळचें अर्धसत्य युधिष्ठिरास स्वर्गाच्या दारींहि सोडीत नाहीं. व्यासांनीं तें खोडलें नाहीं. ही सुटका नायकाला मागाहून आठवणार नाहीं, अशी पळवाट मॉफट ठेवतात. तिनें मागले भाग वांचले. पुढें २०२० सालीं दुसऱ्या लेखकानें तोच ग्रह पुन्हां जाळला, आणि या खेपेस दोष नायकाच्या वैऱ्यावर घातला.