नारळावरची कुस्ती

नाटक पडलं की त्यावर दोन रकाने परीक्षण येतं. दंगल पडली तर कुणी दोन ओळी लिहीत नाही. म्हणून आमच्या गावच्या दंगलीचं परीक्षण मीच लिहायला घेतलंय. पात्रता एवढीच, की त्या आखाड्यात मी एकदा पडलो आणि पुढे बारा वर्षं कमिटीवर बसलो. दोन्ही वेळा अंगाला माती लागली. पहिली आंघोळीने गेली.

गाव पांझरेकाठचं, धुळ्याच्या खालच्या अंगाला. चैत्रात देवीची यात्रा, दुसऱ्या दिवशी दंगल. आमची जमीन काळी, कापसाची. वाळली की भेगा, भिजली की पायाला चिकटून घरापर्यंत पोचवायला येणार. म्हणून हौदासाठी तांबडी माती ट्रकने यायची. ती चाळून तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू घालायचे. आजी म्हणायची, "एवढं तर मी कढीतही घालत नाही!"

पण रचना पाहाल तर नाट्यसंमेलनवाल्यांनी शिकावी अशी. आधी रेवड्यांवरच्या कुस्त्या. लंगोट सुटलेली पोरं एकमेकांना धरून रडायची. मग नारळावरच्या. मग दोन रुपये, पाच, अकरा, एकावन्न, असं चढत चढत दिवस कलताना मानाची कुस्ती. तोवर प्रेक्षकांतल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी मातीत लोळून आलेलं असायचं. हलायची कुणाची बिशाद!

माझी नारळाची कुस्ती पाऊण मिनिट चालली. समोर माझ्याच वर्गातला, शेवटच्या बाकावरचा. त्याने ढाक लावली असं वडील नंतर सांगत; मला फक्त आभाळ आठवतं. पंचांनी नारळ तिथंच फोडला आणि रिवाजाप्रमाणे अर्धी वाटी हरलेल्याला दिली. आई ती वाटी घेऊन गल्लीभर फिरली. मी जिंकलो की हरलो हे तिला कुणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

मग दंगल मोठी झाली. इनाम अकरा हजार, एकावन्न हजार, शेवटी लाख आणि वर चांदीची गदा. कोल्हापूर-पुण्याकडचे मल्ल येऊ लागले. पोस्टरवर मल्लांपेक्षा पुढारी जास्त, आणि छातीही त्यांचीच पुढे. सत्काराला दोन तास, कुस्तीला वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत दोघांनी नुसती खडाखडी केली, पंचांनी बरोबरीत सोडवली आणि दोघे एकाच जीपने परत गेले.

वेळ पुरेना. मिटिंगमध्ये मीच उठून म्हणालो, "नारळाच्या कुस्त्या बंद करू. दीड तास वाचेल." ठराव एकमताने पास. आमच्या गावात एकमत झालं तेव्हाच खरं तर दचकायला हवं होतं.

पुढच्या यात्रेला एक म्हातारा नातवाला लंगोट बांधून हौदाच्या कडेला उभा.

"मास्तर, मना नातूना नारय कथा शे?"

"आप्पा, यंदा नारळ नाही. यंदा लाखाची कुस्ती आहे."

"ती कोना पोऱ्यानी शे?"

मी बिल्ला नीट करत पुढे सरकलो. पुढल्या वर्षी आप्पा आले नाहीत. मग त्यांची गल्ली आली नाही. चार वर्षांत मंडपात कमिटी, पोलीस आणि भेळवाला उरले. पाचव्या वर्षी भेळवाल्याने नाही म्हटलं.

लोक म्हणतात, मॅटने माती खाल्ली. मला पटत नाही. मातीत घडलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत मॅटवरच कांस्यपदक मिळवलं. १९६१ पासूनच्या महाराष्ट्र केसरीत आज गादी आणि माती असे दोन विभाग आहेत. (शेवटची लढत गादीवर, म्हणजे मातीवाल्याला पाहुणा म्हणूनच जायचं, ही माझी तक्रार आहेच.) पैलवान संपले म्हणावं, तर आमच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या, चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरीने २०१४, २०१५, २०१६ असा सलग तीनदा तो किताब घेतला. तिसऱ्यांदा जिंकला तेव्हा आमच्या पारावर फटाके वाजले. वाजवणाऱ्या पोरांपैकी एकानेही नारळासाठी कधी शड्डू ठोकला नव्हता.

शेवटच्या ट्रकची माती शाळेमागे पडून होती. बायकांनी तुळशींना नेली, मी दोन कुंड्या भरल्या. हळद-ताकाची माती ती, जास्वंद मरणाची फुलते. परवा धाकट्या नातवाने त्यात कोपरापर्यंत हात घातले. सूनबाई ओरडली, "शी! घाण कसली ती! हात धू आधी!"

मी काही बोललो नाही. ठराव माझाच होता.