हाऊसफुलचा बोर्ड नेमकं काय सांगतो?



विषय चांगला असतो, पुस्तकंही वाचलेली असतात, तरी सिनॉप्सिस परत येतो. असं का होतं, हे तुमच्यापैकी बरेच जण विचारत असतात. माझाही एकदा परत आला होता. ती गोष्ट शेवटी सांगते. आधी एक उदाहरण बघू. ते गाण्याच्या कार्यक्रमांचं आहे, पण त्यातली चूक आपल्या सगळ्यांची आहे.

अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांची स्वतःची फुटबॉल स्टेडियम असतात. काहींमध्ये लाखाच्या वर माणसं बसतात. तिथल्या फुटबॉलचे घरच्या मैदानावर वर्षाला जेमतेम सहा-सात-आठ सामने होतात. बाकीचे दिवस एवढी मोठी वास्तू रिकामी पडून असते. त्यामुळे कोट्यवधी डॉलर घालून स्टेडियमचं नूतनीकरण झालं की एक चर्चा हमखास सुरू होते: इथे गाण्याचा कार्यक्रम ठेवला तर पूर्ण स्टेडियम कोण भरेल? मग याद्या येतात. टेलर स्विफ्ट, कोल्डप्ले, मेटालिका, यू टू, आणखी कोणी. यादी बनवायची पद्धत साधी असते. ज्याने आधी मोठं स्टेडियम भरलं, तो हेही भरेल.

माझं म्हणणं असं की या याद्यांचा पायाच कच्चा आहे. कसा, ते एकेक करून बघू.

टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचं काईल फील्ड घ्या. त्याचं मोठं नूतनीकरण २०१५ मध्ये पूर्ण झालं, खर्च ४५ कोटी डॉलरच्या वर गेला, आणि अधिकृत आसनसंख्या झाली १,०२,७३३. १५ जून २०२४ ला तिथे जॉर्ज स्ट्रेट या कंट्री गायकाचा कार्यक्रम झाला. तेव्हा त्याचं वय होतं ७२. हजेरी लागली १,१०,९०५. अमेरिकेतला तिकीट लावून झालेला सर्वात मोठा कार्यक्रम अशी त्याची नोंद झाली आणि ग्रेटफुल डेड या बँडचा १९७७ चा १,०७,०१९ चा विक्रम मोडला.

आता इथे थांबा. संशोधकाने या वाक्यातलं प्रत्येक विशेषण तपासायला पाहिजे. 'तिकीट लावून' म्हटल्यावर फुकटचे कार्यक्रम बाद झाले. 'अमेरिकेतला' म्हटल्यावर इटलीचा वास्को रॉसी बाद झाला, त्याच्या २०१७ च्या मोदेना इथल्या एका रात्रीसाठी दोन लाखांच्या वर तिकिटं विकली गेली होती. आणि १९७७ चा तो कार्यक्रम न्यू जर्सीतल्या मोटार शर्यतींच्या जागेवर, मोकळ्या मैदानात झाला होता. खुर्च्या मोजलेल्या स्टेडियमशी त्याची तुलना करायची की नाही, हे आधी ठरवावं लागतं. आपण सिनॉप्सिसमध्ये 'समावेशाचे निकष' म्हणून जो परिच्छेद कसाबसा उरकतो, तो हाच. निकष बदलला की विक्रमवीर बदलतो.

पण ही तशी छोटी गोष्ट झाली. खरी अडचण पुढे आहे.

१,०२,७३३ खुर्च्यांच्या जागेत १,१०,९०५ माणसं आली कशी? स्ट्रेटचा मंच मैदानाच्या मधोमध असतो. चार बाजूंना चार माइक असतात आणि तो एका बाजूला गाऊन झालं की पुढच्या बाजूला जातो. त्यामुळे चारही बाजूंचे स्टँड विकता येतात, शिवाय खाली गवतावरही माणसं उभी राहतात. हाच मंच मैदानाच्या एका टोकाला बांधला, तर त्याच्या मागचे स्टँड रिकामे ठेवावे लागतात. गायक तोच, चाहते तेवढेच, तरी 'क्षमता' काही हजारांनी खाली येते. म्हणजे क्षमता हा फक्त इमारतीचा गुण नाही, मंच कुठे बांधला यावरही ती ठरते.

आता टेलर स्विफ्टकडे या. तिच्या एराज टूरचे १४९ कार्यक्रम झाले, एक कोटीच्या वर माणसं आली. ऑगस्ट २०२३ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या एकाच स्टेडियममध्ये तिने सहा रात्री केल्या. तरीही अमेरिकेतल्या तिच्या कुठल्याही एका रात्रीचा आकडा स्ट्रेटच्या त्या रात्रीच्या जवळपास जात नाही. मग स्ट्रेट स्विफ्टपेक्षा लोकप्रिय आहे का? असं कुणी म्हणणार नाही. स्विफ्टने साधारण साठ-सत्तर हजारांची स्टेडियम निवडली आणि रात्री वाढवल्या. स्ट्रेटने एकच रात्र ठेवली आणि जागा मोठी घेतली. आकड्यात दिसतो तो त्यांचा निर्णय. लोकप्रियता त्या निर्णयामागे झाकली गेली आहे.

संख्याशास्त्रात याला नाव आहे: सेन्सर्ड डेटा. मराठीत मी त्याला 'छताला टेकलेला आकडा' म्हणते. घरात मुलाची उंची मोजायला सहा फुटांची पट्टी लावली आणि मुलगा पट्टीच्या वर गेला, तर आपण फक्त 'किमान सहा फूट' एवढंच सांगू शकतो. सत्तर हजारांचं स्टेडियम भरलं, याचा अर्थ मागणी किमान सत्तर हजार होती. ती ७१ हजार होती की सात लाख, हे त्या आकड्यातून कळत नाही. जेम्स टोबिन या अर्थशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये अशा अडकलेल्या आकड्यांसाठी पद्धत मांडली. त्याच्या उदाहरणात आकडे खाली, शून्यावर अडकलेले होते: कुटुंबं महागड्या टिकाऊ वस्तूंवर किती खर्च करतात ते बघायचं, तर त्या वर्षात काहीच न घेतलेली घरं बरीच असतात. आज ती पद्धत टोबिट मॉडेल म्हणून शिकवतात. आपल्या स्टेडियमचा आकडा वरच्या टोकाला अडकलाय, एवढाच फरक.

याचा एक भाऊ आहे, तो जास्त घातक. मिशिगन विद्यापीठाचं स्टेडियम १९२७ पासून उभं आहे, आसनसंख्या १,०७,६०१. तिथे पहिला संगीत कार्यक्रम झाला २७ सप्टेंबर २०२५ ला, झॅक ब्रायनचा. हजेरी १,१२,४०८. स्ट्रेटचा विक्रम सव्वा वर्षात गेला. ब्रायन तेव्हा तिशीही न ओलांडलेला, नौदलातून आलेला, सुरुवातीला इंटरनेटवर स्वतःची गाणी टाकणारा मुलगा. आता विचार करा. त्याच्या आधीच्या ९८ वर्षांत तिथे कोण कोण गर्दी खेचू शकलं असतं? माहितीच नाही, कारण कुणाला बोलावलंच नव्हतं. हे कलाकार यादीत कमी आकड्याने येत नाहीत, ते यादीत येतच नाहीत. याला ट्रंकेटेड डेटा म्हणतात. छताला टेकलेला आकडा निदान दिसतो तरी. गायब झालेला आकडा दिसत नाही, त्यामुळे त्याची आठवणही होत नाही.

आणि एक गंमत. त्याच स्टेडियममध्ये ७ सप्टेंबर २०१३ ला नोत्र दाम विरुद्धच्या फुटबॉल सामन्याला १,१५,१०९ लोक होते. मैदान मोकळं ठेवूनही सामन्याने ब्रायनच्या रात्रीपेक्षा जास्त माणसं बसवली. शिवाय ब्रायनच्या रात्री जॉन मेयरही गायला होता. मग ती गर्दी एकट्या ब्रायनची कशी धरायची?

'मग तिकिटाच्या रांगेवरून मागणी मोजू', असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटलं होतं. नवी मुंबईत डी. वाय. पाटील विद्यापीठाच्या आवारातल्या स्टेडियममध्ये जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले. आधी १८ आणि १९ तारीख जाहीर झाली, मागणी बघून २१ तारीख वाढवली. तिकीट विक्रीच्या दिवशी मीही ऑनलाइन रांगेत होते आणि माझ्यापुढे काही लाख जण दिसत होते. पण मी स्वतः तीन ठिकाणी लॉगिन केलं होतं: लॅपटॉप, माझा फोन आणि भावाचा फोन. म्हणजे मी एकटी तीन माणसं झाले होते. वर, चढ्या भावाने विकायला तिकीट घेणारेही त्याच रांगेत असणार. भरलेल्या खुर्च्या मागणी कमी दाखवतात आणि रांग ती फुगवून दाखवते. खरा आकडा या दोघांच्या मधे कुठेतरी असतो. तो शोधणं हे संशोधन. दोन्हीपैकी सोयीचा आकडा उचलणं म्हणजे बातमी.

आता थोडं गाण्याबद्दल, कारण याद्या बनवणारे ते सगळ्यात कमी बोलतात. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. मधल्या मंचापासून वरच्या स्टँडमधली खुर्ची शंभर मीटरवर असेल, तर मंचावरचा आवाज तिथे पोचायला सेकंदाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग लागतो. स्पीकर जागोजागी लावून हा फरक बराच सांभाळतात, पण लाखभर लोकांची टाळी एका क्षणी पडत नाही. जलद, गुंतागुंतीची लय अशा जागेत चिखल होते. टिकतं ते संथ चालीचं, स्पष्ट शब्दांचं, धृपद सगळ्यांना पाठ असलेलं गाणं. स्ट्रेटकडे नर्तक नाहीत, आतषबाजीवर भर नाही. फिडल, स्टील गिटार आणि सरळ उभं राहून गाणारा माणूस, एवढंच. ब्रायनचा आवाज खरखरीत, पण त्याच्या ओळी गर्दीच जास्त गाते. वयात चव्वेचाळीस वर्षांचं अंतर असलेल्या या दोघांमध्ये मला हे साम्य महत्त्वाचं वाटतं. अर्थात, हे माझं गृहीतक आहे. दोन उदाहरणांवर नियम बांधायचा नसतो, हेही लक्षात असू द्या.

आता माझी गोष्ट.

माझा विषय स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांचा. सिनॉप्सिसमध्ये मी लिहिलं होतं की निवडलेल्या सगळ्या अभ्यासिका पूर्ण भरलेल्या असतात, म्हणून विद्यार्थ्यांची मागणी म्हणजे एकूण खुर्च्या. समितीसमोर प्रेझेंटेशन चालू असताना गाईड मॅडमनी मधेच थांबवलं. म्हणाल्या, "अगं, तिथे १२० खुर्च्या आहेत म्हणून तुला १२० मुलं दिसली. २०० असत्या तर तू २०० लिहिलं असतंस. ज्यांना जागा नाही मिळाली ते कुठे आहेत तुझ्या तक्त्यात?" मी गप्प. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "आणि रात्री दहाला एकटीने परत जायला नको म्हणून जी मुलगी चौकशीलाच आली नाही, ती?"

पहिला प्रश्न छताला टेकलेल्या आकड्याचा होता. दुसरा गायब झालेल्या आकड्याचा. माझे सहा महिने गेले, पण तो दुसरा प्रश्नच आता माझ्या प्रबंधाचं सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण आहे. स्टेडियमची यादी चुकली तर आयोजकांचं नुकसान होईल. माझा तक्ता तसाच छापला गेला असता, तर त्यावरून कुणीतरी म्हटलं असतं की गावात १२० खुर्च्या पुरेशा आहेत. आणि ती मुलगी कायमची शून्य राहिली असती.

तेव्हा तुमच्या सिनॉप्सिसमधला मुख्य आकडा समोर ठेवा आणि स्वतःला विचारा: हा आकडा कुठल्या छताला टेकलाय का? छत कुणी ठरवलं? आणि कोण माझ्या यादीत येऊच शकलं नाही? उत्तर लगेच मिळणार नाही. पण मर्यादांच्या परिच्छेदात 'वेळेअभावी' असं लिहिण्याऐवजी हे लिहा. समिती मान हलवेल.

शेवटी, मूळ प्रश्न टाळला असं वाटायला नको. स्टेडियम कोण भरेल? माझं उत्तर नावात नाही, अटींत आहे: मंच मधोमध, एकच रात्र, दोन-तीन तासांच्या अंतरावर मोठी शहरं, त्या मातीशी कलाकाराचं नातं, आणि दोन पिढ्यांना पाठ असलेली गाणी. टेक्ससमध्ये टेक्ससचाच स्ट्रेट या अटींत नीट बसतो. नवी मुंबईच्या त्या सुमारे ५५ हजारांच्या स्टेडियमसाठी याच अटी लावल्या, तर माझ्या मनात पहिलं नाव अजय-अतुल यांचं येतं. 'सैराट'ची गाणी लग्नाच्या वरातीपासून गणपतीच्या मांडवापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहेत.

हे भाकीत चुकू शकतं. म्हणूनच ते लिहून ठेवते.