मेल्क, आणि आपल्या पेपरातला एक 'आणि'

रिसर्च प्रपोजल लिहायला बसलात की एक रेडीमेड साचा आपोआप समोर येतो. फारसा अभ्यास न झालेलं एखादं जनुक निवडायचं, टीसीजीएचा मोफत डेटा उतरवायचा, ट्यूमरमध्ये त्याचं एक्सप्रेशन जास्त आहे असा बॉक्सप्लॉट काढायचा. मग रुग्णांचे 'हाय' आणि 'लो' असे दोन गट पाडून सर्व्हायव्हल कर्व्ह. दोन रेषा फाकल्या, पी-व्हॅल्यू ०.०५च्या खाली गेली, की शेवटचं वाक्य ठरलेलं: हे जनुक बायोमार्कर आणि औषधाचं टार्गेट ठरू शकतं. माझ्या पहिल्या प्रपोजलमध्येही हेच वाक्य होतं. आज त्यातल्या 'आणि'बद्दल बोलू.

मेल्क हे किनेज बनवणारं जनुक घ्या. अनेक ट्यूमरमध्ये ते वाढलेलं दिसतं आणि ते जास्त असलेल्या रुग्णांचं भवितव्य वाईट असतं. आरएनएआयने ते दाबलं तर कॅन्सरपेशींची वाढ थांबते असे पेपर आले. ओटीएस१६७ नावाचं इनहिबिटर तयार झालं आणि थेट रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलं. सगळं जुळत होतं.

मग २०१७ मध्ये जेसन शेल्टझर यांच्या कोल्ड स्प्रिंग हार्बरमधल्या गटाचा 'ईलाइफ'मध्ये पेपर आला. त्यांनी क्रिस्परने मेल्क मोडून टाकलं. पेशींना काहीच झालं नाही, त्या नेहमीच्याच वेगाने वाढत राहिल्या. पण मला सगळ्यात भारी वाटतो तो पुढचा प्रयोग: मेल्क नसलेल्या पेशींना ओटीएस१६७ दिलं, तर त्याही मेल्या! टार्गेटच नाही, तरी औषध चालतंय. म्हणजे ते दुसरंच काहीतरी बंद करत होतं. त्याच वर्षी बॉस्टनच्या डाना-फार्बरमधूनही मेल्क अनावश्यक असल्याचा पेपर आला. मेल्क अत्यावश्यक आहे असं २०१४ मध्ये म्हणणाऱ्या गटातले संशोधकही त्यात होते.

मग रुग्णांचा डेटा खोटा होता का? अजिबात नाही. शेल्टझर गटाच्या २०१८च्या पेपरात त्याचं उत्तर आहे. मेल्कचं एक्सप्रेशन पेशीविभाजनाबरोबर वरखाली होतं. ज्या ट्यूमरमध्ये पेशी भराभर विभागतात तिथे मेल्क जास्त, आणि असे ट्यूमर घातकही जास्त. मेल्क मार्कर म्हणून खरं बोलत होतं, त्याला कारण आपण ठरवलं.

हा प्रकार किती सर्रास आहे ते बघायचं तर व्हेने, द्युमाँ आणि देतूर यांचा २०११चा 'प्लॉस कॉम्प्युटेशनल बायॉलॉजी'मधला पेपर वाचाच. १०० पेक्षा जास्त जनुकांचे गट त्यांनी चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले, तर त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त गटांचा स्तनाच्या कॅन्सरमधल्या सर्व्हायव्हलशी 'सिग्निफिकंट' संबंध निघाला. जेवणानंतर हसण्याशी जोडलेल्या जनुकांचा गटसुद्धा पास झाला! (पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसले, मग माझी फाइल उघडली आणि हसू गेलं.)

आता २०१७च्या पेपराबद्दल माझं मत. कंट्रोल उत्तम आहेत, वेगवेगळ्या कॅन्सरच्या पेशी घेतल्यात. पण एक कच्ची बाजू होती. नॉकआउट पेशींना जुळवून घ्यायला वेळ मिळतो, त्यामुळे 'फरक पडला नाही' याचा अर्थ 'गरज नव्हती' असा होईलच असं नाही. २०१८च्या पेपरात त्यांनी मेल्कवरच नेमकं काम करणारं इनहिबिटर वापरून ही फट बरीचशी बुजवली. दुसऱ्या बाजूने, २०१८ मध्येच 'आयसायन्स'मध्ये डाना-फार्बरच्या झाओ गटाने मांडलं की मेल्कची गरज पेशी कोणत्या परिस्थितीत वाढवता त्यावर ठरते. पेशी विरळ असतील तर फरक दिसतो. मला हा मुद्दा विचार करण्यासारखा वाटतो, पण माणसाला औषध द्यायला तो पुरेसा वाटत नाही.

तुम्ही म्हणाल, मग दुर्लक्षित जनुकांवर कामच करायचं नाही का? करा की! पण पुरावा कसा असतो ते याच गटाच्या २०१९च्या 'सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन'मधल्या पेपरात बघा. ओटीएस९६४ हे औषध पीबीकेवर काम करतं असं मानलं जायचं. पीबीके काढलं तरी पेशी त्याने मरतच होत्या. मग त्यांनी औषधाला दाद न देणाऱ्या पेशी मिळवल्या आणि त्यांचं सिक्वेन्सिंग केलं. म्यूटेशन सापडलं सीडीके११ मध्ये, ज्याच्याकडे तोवर फार कोणी बघितलं नव्हतं. तेच म्यूटेशन साध्या पेशींमध्ये घातलं, तर त्याही औषधाला दाद देईनाशा झाल्या. या सगळ्यात सर्व्हायव्हल कर्व्हची गरजच पडली नाही.

माझ्या जनुकाचं मी एवढंच केलं: डेपमॅप मोफत आहे, तिथे नाव टाकून क्रिस्परने ते काढल्यावर पेशींना काय होतं ते पाहिलं. मग टीसीजीएमध्ये एमकेआय६७शी, म्हणजे पेशीविभाजनाच्या नेहमीच्या मार्करशी, त्याचं कोरिलेशन काढलं. दुपारभराचं काम. संध्याकाळी प्रपोजलमधून 'आणि औषधाचं टार्गेट' हे शब्द काढून टाकले.