नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी आणि छेदाचा प्रश्न

वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईला नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी टोचायच्या, म्हणजे तिची प्रतिकारशक्ती गर्भाला परका समजणार नाही. लिम्फोसाइट इम्युनोथेरपी म्हणतात ती हीच. कल्पना चटकन पटते. गर्भ अर्धा बापाचा, मग आईचं शरीर त्याला सोसतं कसं, हे कोडं मेडावार यांनी १९५३ मध्येच मांडलं होतं. पण पटलेली कल्पना म्हणजे सिद्ध झालेला उपचार नव्हे. त्यासाठी दोन पेपर शेजारी ठेवून वाचा, दोन्ही ‘लॅन्सेट’मधले.

पहिला मोब्रे आणि सहकाऱ्यांचा, १९८५ चा. नवऱ्याच्या पेशी दिलेल्या २२ पैकी १७ जणी यशस्वी, स्वतःच्याच पेशी दिलेल्या २७ पैकी १०. आकडे झकास! पण एकूण बायका ४९. चार जणींचा निकाल उलटा लागता तर चित्र फिकं पडलं असतं.

दुसरा कॅरोल ओबर आणि सहकाऱ्यांचा, १९९९ चा. इथे दुसऱ्या गटाला नुसतं सलाइन. वर्षभरात गर्भ राहून तो २८ आठवडे टिकला तर यश. पेशींच्या गटात ८६ पैकी ३१ (३६ टक्के), सलाइनच्या गटात ८५ पैकी ४१ (४८ टक्के). उपचाराचा उपयोग नाही, हा निष्कर्ष मला पक्का वाटतो. २००२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनेही मंजूर संशोधनाबाहेर हा उपचार करू नका असं कळवलं.

माझी तक्रार पुढच्या आकड्याशी आहे. फक्त गर्भ राहिलेल्या जणी मोजल्या तर ६८ पैकी ३१ विरुद्ध ६३ पैकी ४१. हा फरक लक्षणीय ठरतो, म्हणून पेशींनी अपायच होतो असं बिनधास्त सांगितलं जातं. जरा थांबा. गट पाडले आधी, गर्भ राहिला नंतर. मधेच छेदातून बायका गाळल्या की गट तुल्य राहतीलच याची हमी नाही. सगळ्या जणी धरल्या तर पी-मूल्य ०.११, म्हणजे फरक लक्षणीय नाही. ‘उपयोग नाही’ आणि ‘अपाय होतो’ यांना वेगवेगळा पुरावा लागतो.

मला मात्र त्या ४८ टक्क्यांचं जास्त वाटतं. नुसत्या सलाइनवर जवळपास निम्म्या! दहिवलीहून कर्जत लोकल पकडून मुंबईला उपचारासाठी जाणाऱ्या जोडप्याला कुणी म्हणालं, ‘आमच्याकडे निम्म्या जणींना गुण येतो’, तर त्यांनी एवढंच विचारावं: उपचार न घेतलेल्यांचं काय झालं? आणि ज्यांना गर्भच राहिला नाही, त्या मोजल्यात का?