समाप्त न होणारे वाङ्मय

मोबाईल आणि मनःस्वास्थ्य हा विषय वाङ्मयसमीक्षकाचा नव्हे, असे कोणी म्हटल्यास मी फारसा वाद घालणार नाही. तो वैद्यांचा, मानसशास्त्रज्ञांचा, शिक्षकांचा आणि आईबापांचा विषय आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१४ सालीच अशा रुग्णांसाठी स्वतंत्र उपचारकेंद्र उघडले. जागतिक आरोग्य संघटनेने पडद्यावरील खेळांच्या विकाराला आपल्या रोगसूचीत जागा दिली आणि ती सूची १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तेव्हा विषय गंभीर आहे, यात शंका नाही.

परंतु तज्ज्ञांमध्ये एकवाक्यता आहे म्हणावे, तर तसेही नाही. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझिबिल्स्की या दोघा संशोधकांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीन मुलांची माहिती तपासून २०१९ साली असा निष्कर्ष काढला, की त्यांच्या मनःस्वास्थ्यातील फरकांपैकी फार तर ०.४ टक्के भागाचा संबंध या साधनांशी लावता येतो. उलट जोनाथन हाइट यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एका सबंध पिढीच्या चिंताग्रस्ततेचे मोठे खापर मोबाईलवरच फोडले. एकाच वस्तूविषयी जाणते लोक इतके परस्परविरुद्ध बोलू लागले, म्हणजे प्रश्नच नीट मांडला गेला आहे की नाही, हे पाहावेसे वाटते. मुलाने मोबाईल किती तास पाहिला, हे सगळेच मोजतात. पण पृष्ठे मोजून कादंबरीची योग्यता ठरवणाऱ्या समीक्षकाला आपण काय म्हणू? तासांच्या मागे जाऊन त्या अनुभवाचे रूप कसे आहे, हे विचारणे प्राप्त आहे. आणि रूपाचा प्रश्न आला, की समीक्षकाला बोलण्याचा थोडा अधिकार पोहोचतो.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मोबाईल ही एकच वस्तू नव्हे. परभणीहून मानवत रोडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच्या आमच्या पेडगावात कापसाचा भाव याच यंत्रावर कळतो, परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामानसल्ला याच यंत्रावर येतो, आणि पुण्याला कामासाठी गेलेल्या मुलाचे तोंड आईला रोज याच यंत्रावर दिसते. त्याला सरसकट शिव्या देणारा मनुष्य एकतर फार श्रीमंत असावा किंवा त्याचे कोणीही परगावी नसावे. माझ्या शेजारी एक वयस्क आजी आहेत. त्या रोज संध्याकाळी मोबाईलवर एक कीर्तन ऐकतात; तास-दीड तास ऐकतात. कीर्तन संपले, की मोबाईल कोनाड्यात ठेवून चुलीकडे वळतात. त्यांचा नातू तेच यंत्र तेवढाच वेळ हाती धरून रील पाहत बसतो. उठतो तेव्हा तो चिडलेला असतो, आणि काय पाहिलेस असे विचारले, तर त्याला एकही गोष्ट धड सांगता येत नाही. यंत्र एक, वेळ सारखा. परिणाम मात्र निराळे. मला वाटते, हा फरक रूपाचा आहे.

आपल्या जुन्या रसशास्त्राकडे थोडे वळू. भरताच्या नाट्यशास्त्रात ८ स्थायी भाव सांगितले आहेत आणि ३३ व्यभिचारी, म्हणजे येणारे-जाणारे, भाव सांगितले आहेत. शंका, हर्ष, विषाद, असूया हे सारे येतात आणि जातात. पण त्यांचे येणे-जाणे एखाद्या स्थायी भावाच्या आधाराने चाललेले असते, म्हणून प्रेक्षक शेवटी रसापर्यंत पोहोचतो. पाण्यावर लाटा उठतात, कारण खाली पाणी असते. आता रील पाहणाऱ्याच्या एका मिनिटाचा हिशेब मांडा. पहिल्या दहा सेकंदांत कोणी पाय घसरून पडतो, आपण हसतो. पुढच्या दहांत अपघातात मूल गमावलेली आई रडते. त्यानंतर साडीची जाहिरात, मग कोणा पुढाऱ्याची शिवीगाळ, मग नव्या घराचे प्रदर्शन, मग देवाची आरती. हास्य आले, शोक आला, क्रोध आला, असूया आली आणि भक्तीही येऊन गेली. पण एकाही भावाला मुरायला अवधी मिळाला नाही. त्या आईसाठी डोळ्यांत पाणी येण्याआधीच बोट वर सरकलेले असते. उरतात केवळ व्यभिचारी भाव. रसाचा पत्ता नाही.

या अनुभवाने येणारा थकवा श्रमाच्या थकव्याहून वेगळा आहे. शोकनाट्य पाहून आलेला मनुष्यही थकलेला असतो, पण त्याचे मन धुतल्यासारखे स्वच्छ झालेले असते. रील पाहून उठलेल्या मनुष्याचे मन चाळवलेले असते, निवलेले नसते. त्यातून येणारी चिडचिड, झोपेचे खोबरे, अभ्यासात मन न लागणे या तक्रारी आईबाप डॉक्टरांपुढे मांडतात. मला त्यांत रसभंग दिसतो.

दुसरा आणि माझ्या मते अधिक मोठा दोष असा, की या वाङ्मयाला शेवट नाही. आपल्या परंपरेतल्या प्रत्येक रूपाने आपला शेवट किती जपला आहे पाहा. कीर्तनाला पूर्वरंग आहे, उत्तररंग आहे आणि आरतीने त्याची सांगता आहे. पोथीचा अध्याय संपतो, ग्रंथ फलश्रुतीने पुरा होतो. आमच्या परभणी जिल्ह्यात गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. जनाबाई म्हटले, की जाते आणि ओवी आपोआप आठवते. जात्यावरच्या ओव्यांचे भांडार केवढे अफाट! गी पॉइटव्हाँ आणि हेमा राइरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. पण एका पहाटेची ओवी दळणाला बांधलेली होती. सुपातले धान्य संपले, की जाते थांबे, जाते थांबले, की गाणे थांबे, आणि बाई पिठाचा हात झटकून पुढच्या कामाला लागे. मनातले दुःख तिने ओवीत घातले आणि दळणाबरोबर त्या दिवसापुरते हलके केले. मनःस्वास्थ्याचे इतके साधे साधन क्वचितच सापडेल.

कोणी म्हणेल, नव्या करमणुकीला जुने लोक नेहमीच नावे ठेवत आले. १८६८ सालची रिसबुडांची 'मंजुघोषा' आणि तिच्यासारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या नादाने तरुण वाया जातील, असेही बोलले जात असेलच. आक्षेप रास्त आहे आणि मी तो टाळत नाही. परंतु त्या कादंबऱ्याही संपत. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक सुरू करून त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' खंडशः छापली, तेव्हा प्रत्येक अंकातला मजकूर वाचकाला एका ठिकाणी थांबवीत असे. मग आठवडाभर वाट पाहायची, घरात चर्चा करायची, यमूचे पुढे काय होईल म्हणून हळहळायचे. भाव मुरण्याचे काम त्या मधल्या आठवड्यात होई. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्या हाती येणाऱ्या प्रत्येक दिवाळी अंकाला अनुक्रमणिका आहे आणि शेवटचे पान आहे.

मोबाईलच्या पडद्यावरून हे शेवटचे पान काढून टाकण्याची एक निश्चित कथा आहे. २००६ साली आझा रास्किन या अमेरिकन रचनाकाराने अशी युक्ती केली, की वाचणारा खाली सरकत गेला, तरी पान कधी संपूच नये. पुढचा मजकूर आपोआप येत राहावा. हेतू सोयीचा होता. पुढे परिणाम पाहून खुद्द त्यानेच जाहीरपणे खेद व्यक्त केला. पण तोवर ज्यांचा धंदा पाहणाऱ्याच्या वेळावर चालतो, त्यांनी ती युक्ती उचलली होती. म्हणजे शेवट नसणे हा या रूपातला अनवधानाने राहून गेलेला दोष नव्हे. त्याचा सारा डोलारा त्याच्यावरच उभा आहे.

आता उपायांकडे वळू. त्यांचीही समीक्षा व्हायला हवी. पहिला उपाय यंत्र बनविणाऱ्यांचाच. २०१८ साली गूगलने आणि ॲपलने मोबाईलमध्येच वापराचे तास मोजण्याची आणि मर्यादा घालण्याची सोय दिली. ती उपयोगी नाही असे नाही. पण मर्यादा आली, की 'आणखी थोडा वेळ' म्हणून ती ओलांडण्याची सोयही तिथेच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असे म्हणायचा मोह होतो.

दुसरा उपाय बंदीचा. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात बान्शी गावच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास मनाई करणारा ठराव केला. ऑस्ट्रेलियाने तर १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवू न देण्याचा कायदाच केला. तो १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. लहान गाव आणि मोठे राष्ट्र एकाच काळजीने जागे झाले, याचे कौतुक वाटते. मात्र बंदी वयावर बोट ठेवते, रूपाला हात लावत नाही. मुलाच्या हातून मोबाईल काढून घेऊन बाप स्वतः ओसरीवर रील पाहत बसला, तर मुलगा एवढेच शिकतो, की मोठे होण्याचा फायदा हा.

तिसरा उपाय मला सर्वांत मार्मिक वाटतो. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव हे तीन हजारांच्या आसपास वस्तीचे गाव. करोनाच्या काळात शाळेसाठी मुलांच्या हाती मोबाईल आले आणि शाळा उघडल्यावरही ते सुटेनात, म्हणून सरपंच विजय मोहिते यांनी २०२२ साली स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी महिलांची सभा घेतली आणि तीत निर्णय झाला. संध्याकाळी ७ वाजता भैरवनाथाच्या देवळावरून भोंगा वाजायचा; तो वाजला, की घरोघरी मोबाईल आणि दूरदर्शन संच बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, बोलावे. आरंभी लोक हसले. मग आशा आणि अंगणवाडी सेविका, शिक्षक घरोघर फिरले आणि गावाने ते मनावर घेतले.

या प्रयोगाचे मर्म असे, की यंत्राने जो शेवट काढून टाकला होता, तो गावाने बाहेरून परत आणला. भोंगा म्हणजे रंगभूमीवरचा पडदाच. तो लहानमोठ्या सर्वांसाठी एकाच क्षणी पडतो, म्हणून कोणाला शिक्षा झाल्यासारखे वाटत नाही. एकट्याने मोबाईल ठेवला, तर आपण काहीतरी गमावतो आहोत अशी हुरहुर लागते. सगळ्यांनीच ठेवला, तर ती लागायला कारण उरत नाही. एक उणीव मात्र नोंदवली पाहिजे. संध्याकाळी ७ ते साडेआठ ही घरच्या बाईची स्वयंपाकाची वेळ. मुलांना अभ्यास मिळाला, पुरुषांना गप्पा मिळाल्या. तिच्या वाट्याला तीच भाकरी थापणे आले. त्या दीड तासात घरातल्या पुरुषाने चुलीपाशी बसून तिला काही वाचून दाखवावे, एवढी भर मी त्या ठरावात घातली असती.

मराठीत वेड पांघरून पेडगावला जाण्याची म्हण आहे. तिच्यातले पेडगाव भीमाकाठचे, श्रीगोंदे तालुक्यातले समजतात. आम्हा परभणीच्या पेडगावकरांना नावामुळे तेवढे टोमणे फुकट सोसावे लागतात. पण आज या प्रवासाला सारा महाराष्ट्रच निघालेला दिसतो. आपल्याला काय होते आहे, हे आपण सारे जाणतो. फक्त ठाऊक नसल्याचे सोंग करतो.

भोंगा प्रत्येक गावात बसेल, अशी माझी कल्पना नाही. घरापुरता शेवट मात्र कोणालाही आणता येईल. मोबाईलवर पाहायचेच, तर ज्याला अखेर आहे असे काही पाहावे: एक कीर्तन, एक नाटक, एक सामना, आणि ते संपल्यावर यंत्र आजींसारखे कोनाड्यात ठेवावे. आणि हा अंक घरात आलाच आहे, तर फराळाचे डबे मध्ये ठेवून एखादी कथा एकाने मोठ्याने वाचावी, बाकीच्यांनी ऐकावी. कंटाळा आला, तरी मध्येच उठू नये. कथा संपल्यावर कोणी काही बोलेल, कोणी गप्प राहील. त्या वेळी लगेच दुसरी कथा सुरू करण्याची घाई करू नये.